सदाकाकांच्या ट्रेलरचं वायरिंग

शेजारच्या अंगणात तो ट्रेलर अजून उभा आहे. हल्ली मंदाकाकी त्याच्यावर कोकमाची सोलं वाळत घालतात. दोन्ही चाकांतली हवा कधीच गेली. पुढून लोंबणारी वायरींची जाड शेपटी मात्र अजून प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेली असते, आणि पिशवीला रबर लावलेलं असतं. रबर सडलं की काकी नवीन लावतात. सदाकाकांना जाऊन दोन पावसाळे झाले, पण त्यांच्या वायरीला पाणी लागू देण्याची त्या घरात कुणाची छाती नाही.

सदाकाका आमच्या मांडवीतले, मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. सगळी उमर समुद्रावर काढून ते घरी आले तेव्हा बोट पाठोपाठ घरी घेऊनच आले. स्वयंपाकघराला ते गॅली म्हणत, पडवीला डेक. घरात पांढरा बॉयलर सूट घालून फिरत आणि छातीच्या खिशात भर दुपारीही टॉर्च असे. घरातल्या प्रत्येक बटणाखाली त्यांनी नावाची पट्टी चिकटवली होती. विहिरीवरच्या पंपाला 'पंप नंबर १' अशी पाटी होती. नंबर दोन कुठे आहे असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाय अजून. पण आला तर गोंधळ नको."

त्यांचा आवडता शब्द होता 'आयसोलेट'. विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिचा मुख्य वीजप्रवाहाशी संबंध तोडायचा, हा त्यांचा धर्म होता. पडवीतला बल्ब बदलायचा झाला तरी सदाकाका आख्ख्या घराचा मेन स्विच बंद करत, त्याच्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी टांगत आणि मग स्टुलावर चढत. इथपर्यंत ठीक होतं. पण बल्ब बदलून झाला की ते समाधानाने समुद्रावर फिरायला जात आणि मेन चालू करायचा तसाच राहून जाई. एकदा काकी माशाच्या आमटीचं वाटण वाटत होत्या. मिक्सर मधेच बंद पडला. काकींनी भांडं काढलं, घातलं, मिक्सरला दोन चापट्या मारल्या आणि शेवटी पाट्यावर वाटण वाटलं. सदाकाका फिरून आले, आमटीची चव घेतली आणि म्हणाले, "आज बरी झाली गो. काय वेगळा केलास?" पुढे काय झालं ते आमच्या घरापर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

अशा माणसाला निवृत्तीत स्वस्थ बसवणं शक्य नव्हतं. त्यांनी मागच्या अंगणात होडी बांधायला घेतली. ती कशासाठी, हे मांडवीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे.

काकींचं माहेर आंजर्ल्याचं, खाडीच्या काठावर. त्यांचे थोरले भाऊ गजामामा पूल व्हायच्या आधी तिथे तर चालवत, म्हणजे माणसांना होडीतून खाडीपार नेत. लग्नाच्या दिवशी नवरदेव त्याच होडीतून आले. बोटीवरचा जावई म्हणून सगळं गाव काठावर जमलं होतं. खाडीच्या मध्यावर होडी जरा हलली आणि मुंडावळ्या बांधलेले सदाकाका कडेला वाकून भडाभडा ओकले. बिचाऱ्यांचा इलाज नव्हता. "मोठी बोट डुलते, होडी नाचते," असं ते मला पुढे समजावून सांगत. पण गजामामांना कोण समजावणार? ते प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशात ही गोष्ट सांगत आणि सांगताना दरवेळी ओकण्याचा अभिनय करून दाखवत. सदाकाका कोपऱ्यात बसून हसल्यासारखं करत. मी स्वतः ते हसू पाहिलंय. ते बघवत नसे.

म्हणून ही होडी. ती आंजर्ल्याला न्यायची, मंदाकाकींना तिच्यात बसवायचं आणि गजामामांच्या डोळ्यांदेखत स्वतः वल्हवत खाडी पार करायची. न ओकता. एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं.

होडी समुद्रातून नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मग ती आंजर्ल्याला पोचली असती, पण सदाकाका पोचले नसते. तेव्हा त्यांची जुनी जीप आणि तिच्यामागे ट्रेलर. "टेंपो सांगा की एक," काकी म्हणाल्या. "माजी होडी भाड्याच्या गाडीवर?" असं म्हणून सदाकाकांनी विषय संपवला. ट्रेलर वेल्डिंगवाल्याने बनवून दिला. वायरिंग मात्र ते स्वतः करणार होते.

इथे माझा संबंध आला. मी शाळेत गणित शिकवते. ट्रेलरच्या दिव्यांचं काम एकट्याने होत नाही. एकाने जीपमध्ये बसून ब्रेक दाबायचा, इंडिकेटर द्यायचे आणि दुसऱ्याने मागे उभं राहून काय लागलं, काय नाही ते ओरडून सांगायचं. सदाकाकांनी सगळ्या आळीतून मला निवडलं. "तुजा आवाज चांगला हाय," ते म्हणाले. मी खूश झाले. "शेवटच्या बाकापर्यंत जातो," हे त्यांनी नंतर जोडलं.

पहिल्या चाचणीला दिवे स्कूटरच्या जुन्या बॅटरीवर लावून आम्ही अंधार पडल्यावर भाट्याच्या पुलापर्यंत गेलो. वाटेत मागून येणारे रिक्षावाले आमच्याकडे बघून दचकत होते, कडेला जात होते, एकाने तर थांबून हात जोडले. नाक्यावर ट्रॅफिकच्या पोलिसाने आम्हाला अडवलं. तरुण होता, बोलण्यावरून घाटावरचा. तो ट्रेलरभोवती एक फेरी मारून आला.

"काका, ही गाडी येतीय का जातीय?"

"जातेय," सदाकाका म्हणाले.

"मग मागं पांढरा दिवा कशापायी लावलाय?"

"तो स्टर्न लाइट. मागे पांढरा, डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. नियमच हाय तसा."

"कुठला नियम?"

"समुद्राचा."

पोलिसाने एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी दुसरीकडे बघत होते.

"काका, ह्यो रस्ता हाय."

"पण वर होडी हाय, ती दिसत नाय काय तुला?"

पोलीस भला होता. पावती फाडायला काढलेलं पुस्तक त्याने परत ठेवलं. "तुमचा पांढरा बघून मागच्याला वाटतंय समोरनं गाडी आली. आन् हिरवा बघून दुसरा ओव्हरटेक मारंल. मागं सगळं लाल लावा, इंडिकेटर पिवळे लावा. हे दिवे होडी पाण्यात घालशिला तवा लावा." सदाकाकांनी तिथेच तिन्ही दिवे उतरवले, फडक्यात गुंडाळले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

दिव्यांचे रंग बदलले, पण खरी लढाई पुढेच होती. ती अर्थिंगची.

हे थोडं सांगायला हवं. बोटीवर वीज एका तारेने जाते आणि दुसऱ्या तारेने परत येते. मधे तार कुठेही बोटीच्या लोखंडाला टेकली तर तो मोठा दोष. तो दोष शोधून काढणं हीच सदाकाकांची आयुष्यभराची नोकरी. एकदा खानसाम्याच्या किटलीतला दोष त्यांनी आख्खी बोट पालथी घालून शोधला होता आणि ते ती गोष्ट शिकार सांगावी तशी सांगत. मोटारीत नेमकं उलटं असतं. तिथे परतीची तार म्हणून गाडीची बॉडीच वापरतात. ट्रेलरची परतीची तार, म्हणजे अर्थिंगची, जीपच्या बॉडीला जोडायची. सदाकाकांना हे शुद्ध अनीतीचं वाटे.

नाक्यावर गाड्यांचं वायरिंग करणारे रफीकभाई गंमत बघायला म्हणून येऊन बसत. ते दर वेळी तेच सांगत. "काका, अर्थिंग द्या. एक वायर बॉडीला मारा, सगळा लागेल."

"जन्मभर जी गोष्ट तोडली ती आता हातान जोडू?"

"जीपला कंपनीनच जोडलीय ना?"

"म्हणजे सगळ्या जीपमध्येच दोष हाय. कंपनीला लाज नाय, म्हणून मी सोडू काय?"

त्यांनी प्लगमधली अर्थिंगची पिन रिकामीच ठेवली. मग बिचारी वीज परतीची वाट मिळेल तशी शोधत जाई. कधी जीप-ट्रेलर जोडणाऱ्या गंजलेल्या हुकातून, कधी दुसऱ्याच दिव्यातून. त्यामुळे मागे जे काही चाले त्याला वायरिंग म्हणणं अवघड होतं. मी ट्रेलरमागे उभी आणि सदाकाका जीपमध्ये.

"ब्रेक दाबलाय! लागला काय गो?"

"दोन्ही इंडिकेटर मिणमिणतायत!"

"आता लेफ्ट देतो!"

"सगळेच लुकलुकतायत!"

"ब्रेकचा काय?"

"ब्रेकचा सोडून बाकी सगळं लागलंय!"

अंगणाच्या दगडी गडग्यावर बसून पोरं-बाळं, म्हातारे-कोतारे हा कार्यक्रम बघत. गणपतीच्या रोषणाईपेक्षा हे बरं, असंही एकजण म्हणाला. सदाकाका हुकाला घासकागद मारत, ग्रीस पुसत, पुन्हा लावत. दिवे कधी अचानक नीट लागत आणि आम्ही टाळ्या वाजवत. मग कुणीतरी होडीला टेकून उभं राही आणि सगळं पुन्हा नाचायला लागे. "वायरिंग पुरा झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर निघायची नाय," असं त्यांनी जाहीर केलेलं होतं. होडी रंगवून तयार होती, काकींनी तिच्यात बसायला चटई शिवून ठेवली होती, आणि एका तारेपायी दोन वर्षं सगळं अंगणात अडून राहिलं.

मग एका सकाळी आंजर्ल्याहून फोन आला. गजामामांची नजर जात चालली होती हे माहीत होतं. आता त्यांचा मुलगा त्यांना मुंबईला कायमचा न्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार. सकाळच्या उन्हात त्यांना अजून माणसं धूसर ओळखू येत, एवढंच.

काकी फोन ठेवून पडवीच्या पायरीवर बसल्या. सदाकाका होडीकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी मला हाक मारली आणि हळू आवाजात म्हणाले, "रफीकला बोलव."

रफीकभाई पाना आणि वायर घेऊन धावत आले. ते ट्रेलरखाली शिरले तसे सदाकाका वळले आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. पोराला इंजेक्शन देताना बाप बाहेर जाऊन उभा राहतो तसे. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की हसू आलंच नाही. जीपमध्ये मी बसले, मागे रफीकभाई. लेफ्ट, राइट, ब्रेक, टेल. एकेक दिवा सांगितल्याबरोबर लागला.

"लागला काय गो?" आतून आवाज आला.

"सगळं लागलं, काका!"

ते बाहेर आले. त्यांनी स्वतः दोनदा तपासलं. "लागणारच," ते म्हणाले. "पण मला पटलेला नाय, हा लक्षात ठेवा."

आम्ही लगेच निघालो. मी शाळेत रजेचा फोन केला, कारण मागे उभं राहायला माणूस हवं होतं. जयगडला होडीसकट जीप फेरीबोटीवर चढली. फेरीबोटीवरच्या माणसांनी असं दृश्य कधी पाहिलं नव्हतं. "काका, होडीला पोहता येत नाय काय?" असं एकाने विचारलं. सदाकाका तोंडात आवळा धरून समोरच्या डोंगराकडे डोळे लावून उभे होते आणि त्यांचा रंग उतरला होता. काकींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पलीकडे तवसाळला उतरून थोडं पुढे गेलो, तर एका ट्रकवाल्याने ओरडून सांगितलं की मागे एकही दिवा नाही. झालं. सदाकाकांनी गाडी कडेला घेतली. फ्यूज बघितला, होल्डर उघडले, टेस्ट लॅम्प लावला. "बगितलास? अर्थिंग! मी सांगत होतो! अर्थिंगनच दगा दिलान!" ट्रेलरखाली आडवं पडून ते रफीकच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मी मागून "नाही! नाही! अजून नाही!" असं ओरडत होते. ऊन कलायला लागलं. सकाळी थोडं दिसणाऱ्या गजामामांना संध्याकाळी काय दिसणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

शेवटी काकी जीपमधून उतरल्या, हुकापाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अवो, ह्या पिशवीत काय बांदून ठेवलाव?"

जयगडला बोटीवर चढताना खारं पाणी लागू नये म्हणून सदाकाकांनी ट्रेलरचा प्लग स्वतः जीपमधून काढला होता, पिशवीत गुंडाळला होता, रबर लावलं होतं. आयसोलेट केला होता. आणि मग जोडायचा राहिला होता. काकींनी तो सॉकेटमध्ये खुपसला आणि ट्रेलर लख्ख उजळला. "मिक्सरच्या येळेलापण असाच," एवढंच काकी म्हणाल्या. दाभोळच्या फेरीबोटीवर प्लग काकींनीच काढला आणि काकींनीच लावला.

आंजर्ल्याला पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. गजामामा खाडीकाठी खुर्ची टाकून बसले होते. बाजूला त्यांची बांधलेली बॅग. काकींनी त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा त्यांनी आधी बहिणीचा चेहरा चाचपला. "आलीस गो मंदा? दिसत नाय बग आता. दिवा लावला तर दिवा दिसतो. माणूस नाय दिसत."

सदाकाका ट्रेलरच्या दांड्यावर बसले. खांदे पडलेले. एवढी होडी बांधली, एवढी वायर ओढली, अर्थिंगसुद्धा दिली, आणि बघायला डोळे नव्हते. तेवढ्यात ते उठले. जीपच्या सीटखालून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. नाक्यावर पोलिसाने उतरवायला लावलेले ते दिवे. मग स्कूटरची ती जुनी बॅटरी निघाली. थोड्याच वेळात लाल दिवा होडीच्या डाव्या अंगाला लागला, हिरवा उजव्या.

"दोन तारा," ते मला म्हणाले. "एक जाणारी, एक येणारी. इथं अर्थिंग नाय!" दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला होता.

ठरलं असं की काका-काकी वल्हवत पलीकडे जाणार आणि तिथून वळून मामांकडे येणार. होडी पाण्यात गेली. दिवे पुढूनच दिसणारे, त्यामुळे ती पलीकडच्या काळोखात मिसळली. मी मामांच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. मग दूरवर दोन ठिपके दिसले.

गजामामा खुर्चीत सरळ झाले. "लाल नि हिरवा," ते म्हणाले. "दोनी दिसतायत. दोनी दिसले म्हणजे होडी सरळ माज्यावरच येतेय."

दिवे जवळ येत होते. मामा मान न हलवता बघत होते. जन्मभर होडी चालवलेला माणूस, त्याला बाकी काही बघायची गरजच नव्हती. खाडीच्या मध्यावर दिवे थांबले. मग हिरवा नाहीसा झाला.

"हिरवा गेला," मामा म्हणाले. "होडी आडवी झाली. काय झाला गो?"

माझे डोळे चांगले आहेत. मला अंधुक उजेडात दिसत होतं. वल्ही सोडून सदाकाका कडेला वाकले होते. पांढरा बॉयलर सूट पार अर्धा बाहेर होता. काकी एका हाताने त्यांची कॉलर धरून दुसऱ्या हाताने वल्हं ओढून घेत होत्या.

"काही नाही मामा," मी म्हणाले. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा माझा आवाज मलाच बारीक वाटला. "वल्हं अडकलं."

खाडीवरून आवाज स्पष्ट येतो. मला ऐकू आलं ते त्यांनाही ऐकू आलंच असणार.

"वल्हा अडकला," ते म्हणाले. "अडकतो कदी कदी. इथं मधे ओढ हाय."

हिरवा पुन्हा दिसला. दोन्ही दिवे संथपणे येत राहिले आणि वाळूला टेकले. वल्ही काकींच्या हातात होती. सदाकाका होडीतून उतरले, रुमालाने तोंड पुसलं, बॉयलर सूट खाली ओढून नीट केला आणि मेव्हण्यासमोर ताठ उभे राहिले.

"दिसला काय गजाभाऊ?"

मामांनी अंदाजाने हात पुढे केला. सदाकाकांनी तो धरला.

"दिसला तर! लाल नि हिरवा. सरळ आलास बग. जरासुद्धा हललास नाय."

सदाकाकांनी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग होडीत बसलेल्या बायकोकडे. काकी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. सदाकाकांनी छाती जितकी फुगवता येईल तितकी फुगवली.

"हलेल कशी?" ते म्हणाले. "वायरिंग कोणाचा हाय!"